घोडीचा चारशेवा हिस्सा

होन्मा इसाओ निइगाता शहरातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली तीस वर्षं शिकवत होता. शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसायचं आणि त्याने घोळ घातला की आपल्या पायाखालचा वेगळा ब्रेक दाबायचा, हे त्याचं काम. या ब्रेकवर त्याचा फार विश्वास होता. ज्या गोष्टीत आपल्या पायाखाली ब्रेक नाही तिच्या नादी लागू नये, असं तो स्कूलमधल्या तरुण पोरांना सांगायचा. आणि मग वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्याने रेसच्या घोड्यांच्या एका क्लबमधून घोडी घेतली.

"घोडी घेतली," असं तो म्हणायचा. त्याची बायको सेत्सुको लगेच दुरुस्ती करायची, "घोडी नाही हो. घोडीचा चारशेवा हिस्सा."

व्यवहार सरळ होता. क्लब दरवर्षी वर्षावर्षाची शिंगरं विक्रीला काढायचा, एकेकाचे चारशे हिस्से करायचा आणि सभासदांना विकायचा. हिस्सा घेतला की दर महिन्याला चारापाण्याचा आणि तबेल्याचा खर्च चारशेव्या हिश्शाने भरायचा. बक्षीस मिळालं तर तेही त्याच हिश्शाने मिळायचं. घोडा कुठल्या ट्रेनरकडे जाणार, कधी पळणार, पाठीवर कोण बसणार, हे क्लब आणि ट्रेनर मिळून ठरवणार. सभासदाने आशा तेवढी ठेवायची.

खरं तर होन्माला ही घोडी नकोच होती. पूर्वी निइगाताच्या रेसकोर्सवर एक करडी घोडी चिखलातून सगळ्यांना मागे टाकून जिंकली होती, आणि त्या दिवशी त्याच्या खिशात तिचं तिकीट होतं. तिचं नर शिंगरू त्या वर्षी क्लबच्या यादीत आलं, म्हणून तर तो सभासद झाला. पण ते शिंगरू हजारभर लोकांना हवं होतं. सोडत निघाली आणि होन्माचं नाव काही लागलं नाही. नाव लागलं इगाराशीचं. इगाराशी स्कूलमधला सगळ्यात धाकटा शिक्षक. घोड्याची शेपटी कुठल्या बाजूला असते एवढंच त्याला माहीत होतं. होन्माने भरीला घातलं म्हणून तोही सभासद झाला होता.

"होन्मासान, माझं नशीब आहे हो, अक्कल तुमचीच," इगाराशी जेवणाच्या सुट्टीत म्हणाला.

"डबा खा," होन्मा म्हणाला.

मग हट्टाला पेटून त्याने उरलेल्या शिंगरांतली एक तपकिरी घोडी घेतली. तिच्यासाठी सोडत निघाली नाही, कारण तिला कुणी विचारतच नव्हतं. फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघायची सोडून कुंपणापलीकडे काहीतरी बघत होती.

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा क्लबने सभासदांकडून नावं मागवली. होन्माने आठवडाभर विचार केला. गाडी चालवताना, म्हणजे दुसरा चालवत असताना, त्याच्या डोक्यात नावंच फिरत असायची. शेवटी त्याने ‘अरानामी’ पाठवलं. साडो बेटाच्या समुद्रात हिवाळ्यात उसळते ती खवळलेली लाट. भारदस्त नाव. रेसचा निवेदक ते उच्चारील तेव्हा अंगावर काटा यावा असं.

महिन्याभराने नाव जाहीर झालं. मोचिमोची हिमे. हिमे म्हणजे राजकन्या, आणि मोचिमोची म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या गोळ्यासारखी, गालाला बोट लावलं तर रुतेल अशी लुसलुशीत.

होन्मा फोन हातात धरून स्वयंपाकघरात आला. "लुसलुशीत राजकन्या! अगं, ही काय मिठाई आहे? उद्या रेसकोर्सवर ओरडायचं काय मी? ‘चल गं लुसलुशीत’? माझ्या वयाच्या माणसाने?"

"ओरडू नका मग," सेत्सुको मुळा किसत म्हणाली.

"कुणा मूर्खाने पाठवलं असेल हे?"

"असेल कुणीतरी."

दहा-बारा दिवसांनी क्लबकडून घरी पार्सल आलं. आत घोड्याच्या नालाच्या आकाराची किल्ल्यांची साखळी आणि एक कार्ड, ‘आपण सुचवलेलं नाव निवडलं गेल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, होन्मा इसाओ.’ होन्माने ते दोनदा वाचलं आणि बायकोकडे बघितलं. सेत्सुको खारी बिस्किटं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. त्या वेळी ती कामावर जायला बूट चढवत होती.

"तुमचा फोन इथेच पडला होता. दोन नावं पाठवता येत होती," ती म्हणाली. "तुम्ही एकच पाठवलं होतंत. एक जागा फुकट जात होती."

"सेत्सुको!"

"तिचे गाल बघितलेत का फोटोत? मला तर तेच सुचलं." आणि ती निघून गेली. किल्ल्यांची साखळीही घेऊन गेली.

त्या दिवसापासून घोडी दोघांची झाली. उलट सेत्सुकोचीच जरा जास्त झाली. पुढल्या वसंतात क्लबच्या सहलीतून दोघं होक्काइदोला गेली. घोडे वाढवतात त्या शेतावर सभासदांनी रांगेत उभं राहायचं, आपापली घोडी समोर आणली की पाच मिनिटं बघायचं, हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही. हिमे आली ती सरळ सेत्सुकोपाशी, आणि तिच्या कोटाची बाही तोंडात धरून चघळू लागली. शेतावरचा माणूस माफी मागत लगाम ओढत होता. सेत्सुको म्हणत होती, "राहू द्या हो, जुना कोट आहे." तो नवा होता. होन्माने घोडीचे पाय निरखून बघितले. पुस्तकात वाचलं होतं तसं गुडघ्यापासून खुरापर्यंत बघितलं. त्याला काहीच कळलं नाही.

पुढचं जवळपास वर्षभर वाट बघण्यात गेलं. दर शुक्रवारी क्लबची बातमी फोनवर यायची आणि होन्मा ती दुपारच्या सुट्टीत, स्कूलच्या मागच्या भिंतीला टेकून वाचायचा. ‘नडगीला किंचित ऊब जाणवते. घाई न करता पुढे जाऊ.’ मग ‘ऊब ओसरली. हलका व्यायाम.’ मग ‘व्यायामानंतर भूक कमी. थोडी विश्रांती.’ मग पुन्हा नडगी. इतर दोन वर्षांचे घोडे उन्हाळ्यात पळू लागले. इगाराशीचा घोडा, तोच तो करड्या घोडीचा मुलगा, पहिल्याच रेसमध्ये चार घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने जिंकला. इगाराशीने सगळ्या स्कूलला आइस्क्रीम वाटलं. होन्माच्या हातात त्याने स्वतः आणून दिलं, दोन चवींचं.

"तुमचीही येईलच की," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुठेही टोमणा नव्हता. होन्माला तेच जास्त लागलं.

शरद ऋतूत हिमे एकदाची मिहोच्या प्रशिक्षण केंद्रातल्या मोरोबोशी नावाच्या ट्रेनरच्या तबेल्यात दाखल झाली. आता पळण्याआधी फक्त गेटची परीक्षा राहिली होती. घोड्याने लोखंडी गेटमध्ये गुपचूप शिरायचं, शांत उभं राहायचं आणि दार उघडलं की झटकन बाहेर पडायचं. एवढं केलं की पास.

हिमे नापास झाली.

बातमीत लिहिलं होतं, ‘गेटमध्ये शिरली. उभी राहिली. दार उघडल्यावरही उभीच राहिली.’

होन्माने ते वाचलं तेव्हा शेजारी त्याची शिकाऊ बाई उभी होती. वय सत्तरच्या आसपास, नवरा गेल्यावर पहिल्यांदाच गाडी शिकत होती आणि स्वतः परीक्षेत दोनदा नापास झाली होती. तिने विचारलं, "काय झालं सर, वाईट बातमी?"

"घोडी नापास झाली," तो म्हणाला.

बाई इतकी हसली की तिला बाकावर बसावं लागलं. "मग आता तिला समजावून सांगा की, सर. मला सांगता तसं. ‘हिरवा झाला, हिरवा झाला, काढा गाडी!’"

दुसऱ्या वेळीही हिमे नापास झाली. होन्मा घरी येऊन जेवायला बसला. तीस वर्षांत त्याने हजारोंना गाडी सुरू करायला शिकवलं होतं. घाबरणारे, रडणारे, आरशात स्वतःचे केस बघणारे, सगळे त्याच्या हाताखाली पास झाले होते. आणि त्याची स्वतःची घोडी उघड्या दारात उभी राहत होती, आणि तो तिथे जाऊन तिच्या शेजारी बसू शकत नव्हता.

"मोरोबोशी तिला घाई करत असणार," तो म्हणाला. "अशांना ओरडून चालत नाही. आधी विश्वास बसावा लागतो."

"कळवा मग त्यांना," सेत्सुको म्हणाली.

"ट्रेनरशी संपर्क करायचा नाही असा नियम आहे."

"मग लोणचं घ्या."

तिसऱ्या वेळी ती पास झाली. त्याच आठवड्यात ती सत्तरीची बाईही पास झाली, आणि जाताना होन्माला वाफवलेल्या मोचीचा डबा देऊन गेली. "राजकन्येसाठी," ती म्हणाली. तो सेत्सुकोने खाल्ला.

पहिली रेस मार्चमध्ये झाली. दार उघडलं, सगळे गेले, हिमेने जरा विचार केला आणि मग गेली. सोळा घोड्यांत नववी आली. दुसऱ्या रेसमध्ये तिला गवतावरून काढून मातीवर पळवलं. तोंडावर माती उडाली ते तिला आवडलं नाही आणि ती तेरावी आली. जॉकी रेसनंतर म्हणाला, ‘मन लावून पळाली नाही.’ होन्मा म्हणाला, "हे मला घरबसल्या दिसलं. यासाठी जॉकी कशाला हवा?"

मे महिन्यात टोकियोची रेस ठरली. होन्माने रजा घेतली, बुलेट ट्रेनची दोन तिकिटं काढली, सेत्सुकोने जांभळा स्वेटर बाहेर काढला. गुरुवारी संध्याकाळी बातमी आली, ‘अर्ज फार झाल्यामुळे चिठ्ठ्या टाकल्या. हिमे वगळली गेली.’

"तिकिटांचं काय?" सेत्सुकोने विचारलं.

"परत केली तर थोडे कापतील."

"स्वेटर तर इस्त्री करून झालाय," ती म्हणाली. मग दोघं गेलीच. टोकियोला जाऊन त्यांनी ज्या रेसमध्ये त्यांची घोडी नव्हती ती रेस बघितली. जिंकलेला घोडा इतका संथ होता की शेवटी तो जिंकतोय की थांबतोय हेच कळेना. होन्मा गच्च मुठी धरून उभा होता. "यात तर ती आलीच असती पहिली. डोळे मिटून आली असती."

"दार उघडल्यावर निघाली असती तर," सेत्सुको म्हणाली आणि हातातला तळलेला वडा अर्धा तोडून त्याला दिला.

उन्हाळ्यात वेळ कमी राहिला. तीन वर्षांच्या घोड्याने ऑगस्ट संपून सप्टेंबर लागेपर्यंत एक तरी रेस जिंकायला हवी. न जिंकलेल्यांसाठीच्या रेसच त्यानंतर बंद होतात. मग क्लब अशा घोड्यांना काढून टाकतो. कुणी प्रांतातल्या छोट्या रेसकोर्सवर जातात, कुणी आणखी कुठे. आणखी कुठे हे सभासद एकमेकांना विचारत नाहीत.

जुलैमध्ये फुकुशिमाला हिमे अचानक दुसरी आली. उशिराच निघाली, पण शेवटच्या वळणावर बाहेरून अशी काही आली की निवेदकाला तिचं नाव तीनदा घ्यावं लागलं. सेत्सुको घरात टीव्हीसमोर दोन्ही हातांनी उशी बडवत होती. आणि मग ट्रेनरने जाहीर केलं की शेवटची संधी निइगाताला, ऑगस्टच्या अखेरच्या शनिवारी.

निइगाताला! घरापासून बसने जाता येईल इतक्या जवळ.

ऑगस्टमध्ये ड्रायव्हिंग स्कूलला श्वास घ्यायला फुरसत नसते. कॉलेजची मुलं सुट्टीत राहायलाच येतात आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाड्या फिरत असतात. होन्माने शनिवारची रजा मागितली तेव्हा मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. इगाराशी मध्ये पडला. "त्यांचे तास मी घेतो," तो म्हणाला. "जा हो होन्मासान. माझ्या घोड्याच्या वेळी तुम्ही नाही का माझे तास घेतलेत."

होन्माला त्या घटकेला इगाराशी पहिल्यांदा आवडला.

शनिवारी ऊन असं होतं की रेसआधी घोडे फिरवून दाखवतात त्या पॅडॉकच्या कठड्याला हात लावता येत नव्हता. हिमे आली. तिची मान ओली झाली होती, पण चाल हलकी होती. दीड वर्षं बातम्यांमधून ओळखलेली घोडी दहा हातांवरून गेली आणि होन्माला तिच्या नाकपुडीचा आवाज ऐकू आला. सेत्सुकोने हळूच म्हटलं, "हिमे, दार उघडलं की निघायचं हं."

दार उघडलं आणि ती निघाली. सगळ्यांच्या आधी निघाली! जॉकीलाही ते अपेक्षित नसावं, कारण तो पहिल्यांदा मागे झुकला आणि मग सावरून तिच्या मानेवर वाकला. हिमे पुढेच होती. वळण संपलं, निइगाताची ती न संपणारी सरळ वाट सुरू झाली, तरी ती पुढेच होती. होन्मा ओरडत होता. काय ओरडत होता ते त्याला नंतर आठवलं नाही, पण शेजारच्या तीन कॉलेजच्या पोरांना आठवलं, कारण तीही हसत हसत तेच ओरडू लागली, "लुसलुशीत! लुसलुशीत!"

शंभर मीटर राहिले तेव्हा बाहेरून एक काळा घोडा आला. पन्नास राहिले तेव्हा तो तिच्या पोटापाशी होता. रेषेवर दोन डोकी एकत्र वर-खाली झाली.

निकालाच्या फलकावर बराच वेळ काही येईना. सेत्सुकोने नवऱ्याची बाही घट्ट धरली होती. मग आकडे लागले. हिमे दुसरी. नाकभर अंतराने.

"नाकभर म्हणजे किती?" सेत्सुकोने विचारलं.

होन्माने अंगठा आणि बोट यांत थोडं अंतर ठेवून दाखवलं. मग ते अंतर त्याने अजून कमी केलं. मग हात खिशात घातला.

मंगळवारी क्लबची बातमी आली. हिमेचं क्लबमधलं करिअर संपलं, लिलावात विक्री होईल, आजवरच्या पाठिंब्याबद्दल आभार. होन्माने आयुष्यात पहिल्यांदा क्लबला फोन केला. पलीकडे एक मऊ आवाजाची मुलगी होती.

"दोनदा दुसरी आलेली घोडी आहे हो," तो म्हणाला. "आत्ताशी कुठे ती गेटमधून निघायला शिकलीय. शिकली आणि तुम्ही शाळेतून काढता? तिला तात्पुरतं प्रांतात पळवा, तिथे जिंकली की परत आणा. असं करतात ना काही घोड्यांच्या बाबतीत?"

"आपल्या भावना आम्ही समजू शकतो. पण घोड्याच्या बाबतीत सभासदांना सूचना करता येत नाहीत."

"सूचना नाही, विनंती करतोय."

"विनंतीसुद्धा, फार वाईट वाटतं सांगायला, पण..."

"मग सभासदाला करता येतं तरी काय?"

पलीकडे मुलीने कागद चाळल्याचा आवाज आला. तिला खरंच उत्तर शोधावं लागलं असावं. "पाठिंबा देता येतो," ती म्हणाली.

होन्माने आभार मानून फोन ठेवला. चिडायचं तरी कुणावर, हेच त्याला कळत नव्हतं. मोरोबोशीने त्याचं काम केलं होतं. जॉकीने शेवटी तरी नीट चालवली होती. मुलगी तर बिचारी दिवसभर असेच फोन घेत असणार. घोडीचं तर काही चुकलंच नव्हतं. सगळे आपापल्या जागी बरोबर होते आणि घोडी गेली होती.

लिलावात तिला कानाझावाच्या कुणी ताकेबे नावाच्या माणसाने घेतलं. विक्रीतला चारशेवा हिस्सा खात्यात जमा झाला. सेत्सुकोने त्यातून स्वेटर रफू करून आणला आणि उरलेल्यात दोघं एकदा रामेन खाऊन आली. नव्या शिंगरांची यादी आली ती होन्माने न उघडता रद्दीत घातली. जेवणाच्या सुट्टीत भिंतीला टेकून फोन बघायची सवय तेवढी राहिली. शुक्रवारी दुपारी तो उगाचच हवामान वाचायचा.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी सेत्सुको म्हणाली, "पुढल्या मंगळवारी तुम्हाला सुट्टी आहे. मीही घेतलीय. हिमे तिसऱ्या रेसमध्ये आहे."

"कुठे?"

"कानाझावाला. कुठे म्हणजे काय!"

"आपली नाही ती आता."

"शेजारच्यांची मुलगी लग्न होऊन गेली तरी आपण भेटतोच की."

पहाटे निघून, डावीकडे डोंगर आणि उजवीकडे समुद्र ठेवून, होन्माने चार तास गाडी चालवली. कानाझावाचा रेसकोर्स छोटा आणि आटोपशीर होता. मंगळवार असल्याने म्हातारे पुरुष, थोड्या बायका आणि सगळीकडे खाण्याच्या गाडीवर सोयाबीनच्या मिसोत शिजणाऱ्या आतड्यांचा वास. पॅडॉकच्या कठड्याला लागून होन्मा आणि सेत्सुको उभी राहिली. हिमे थोडी भरली होती. कातडी चमकत होती. कुणीतरी तिच्या आयाळीला लाल फीत बांधली होती.

"हिमे!" सेत्सुकोने हाक मारली. घोडीने कान वळवला. तो माशीमुळेही वळला असेल.

शेजारी एक बुटका, जाड मानेचा माणूस तेलकट जाकीट घालून उभा होता. त्याने मान वळवली. "ओळखता वाटतं तिला?"

"आमची होती," होन्मा म्हणाला, आणि लगेच बायकोच्या आधी दुरुस्ती केली, "म्हणजे, चारशेवा हिस्सा."

"चारशेवा? कुठला भाग?"

"शेपटी समजा," सेत्सुको म्हणाली.

तो माणूस खो खो हसला. हा ताकेबे. बंदरावर मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा त्याचा कारखाना होता. मालकांसाठी वर वेगळी बसायची जागा असते, पण तिथे टाय लावावा लागतो म्हणून तो इथे उभा होता.

होन्माने मनात दाबून ठेवलेलं विचारलं. "अख्खी घोडी तुमची म्हणजे बरं आहे. ट्रेनर तुमचं ऐकत असेल."

"कोण, तो?" ताकेबेने पॅडॉकच्या पलीकडे उभ्या असलेल्या उंच माणसाकडे हनुवटी केली. "मी म्हटलं, हिला लांबची रेस द्या. म्हणाला, बघू. मी म्हटलं, जॉकी बदला. म्हणाला, बघू. परवा मी म्हटलं, ती लाल फीत काढा, बाई दिसते. म्हणाला, ती बाईच आहे." त्याने खांदे उडवले. "इंजिन असतं तर मी स्वतः उघडून बघितलं असतं. हिला काय उघडणार? महिन्याचं बिल अख्खं येतं, बाकी तुमच्याइतकाच मी."

होन्माला इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली.

घोडे ट्रॅककडे निघाले तशी ताकेबेची चुळबुळ सुरू झाली. तो इकडे बघ, तिकडे बघ करू लागला. मग म्हणाला, "तुम्ही बघता ना रेस? मी जरा येतो."

"आत्ता? सुरू होईल हो!"

"म्हणूनच," तो म्हणाला. "मला नाही बघवत. गेल्या दोन्ही वेळा मी त्या आतड्यांच्या गाडीमागे उभा होतो." आणि तो खरंच निघून गेला.

होन्मा आणि सेत्सुको कठड्यापाशी गेली. दार उघडलं. हिमे निघाली, सगळ्यांत आधी नाही, पण वेळेवर निघाली. होन्माने या वेळी आवाज केला नाही. तो बघत राहिला, जसा तो शिकाऊंच्या बाजूला बसून बघायचा, पाय नकळत जमिनीवर दाबत. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये हिमे बाहेरून आली आणि दोन घोड्यांच्या लांबीइतकी पुढे गेली. सेत्सुको शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याच्या पाठीवर थापा मारत होती. म्हाताऱ्याने दुसऱ्याच घोड्यावर पैसे लावले होते, तरी तो बिचारा वाकून आभार मानत होता.

होन्मा गर्दीतून आतड्यांच्या गाडीमागे धावला. ताकेबे डोळे मिटून, दोन्ही हात कानांवर ठेवून उभा होता.

"जिंकली!" होन्मा म्हणाला.

ताकेबेने हात काढले. "कोण?"

"कोण म्हणजे? हिमे! तुमची हिमे!"

ताकेबेने त्याच्याकडे बघितलं, मग मटकन गाडीमागच्या उलट्या क्रेटवर बसला. शेजारचा दुसरा क्रेट त्याने पायाने ओढून होन्मासमोर सरकवला. "बसा. सांगा. नुसतं जिंकली नको, पहिल्यापासून सांगा. निघाली कशी?"

होन्मा बसला. "वेळेवर निघाली," त्याने सुरुवात केली. "तिसऱ्या दारातून. डावीकडचा घोडा तिच्या अंगावर येत होता, तर तिने कान मागे केले, असे, आणि त्याला पुढे जाऊ दिलं. जॉकीने ओढलं नाही हं, तिनेच दिलं. शहाणी आहे ती. मग पहिलं वळण, पाचवी होती, आतल्या बाजूला..."

इतक्यात तो उंच ट्रेनर धापा टाकत आला. "ताकेबेसान! किती शोधायचं तुम्हाला? घोडी फोटोसाठी उभी आहे, सगळे थांबलेत!"

ताकेबेने मागे न बघता हात वर केला. "थांब रे जरा. इथे ती अजून पहिल्या वळणावर आहे."

आणि होन्माने उरलेली रेस पुरी सांगितली, काही न गाळता. फोटोला वेळ झाला तो झालाच. त्यानंतर त्या हंगामात हिमे कानाझावाला चार वेळा पळाली. एकदा जिंकली, एकदा गेटमध्येच उभी राहिली. दर वेळी सोमवारी ताकेबेचा फोन यायचा, "उद्या येताय ना? मला कोण सांगणार?" मंगळवारी सुट्टी असली की होन्मा जायचा. नसली तर इगाराशी त्याचे तास घ्यायचा.